वडिलार्जित शस्त्रें आणि त्यांचें अस्सलपण

खंडेनवमीस शस्त्रें उतरवून पुजण्याची चाल आमच्या किनाऱ्यावर अजून मोडलेली नाहीं, ही आनंदाची गोष्ट आहे. थळ-किहीमपासून रेवदंडा-मुरुडपर्यंत माडांच्या वाड्यांतून ज्या घरांत पूर्वीं कोणी तरवार वा बंदूक बाळगली असेल, तेथें त्या दिवशीं ती माळ्यावरून किंवा देवघरावरच्या खुंटीवरून खालीं येते, तिला झेंडूची माळ पडते, आणि घरांतील मुलांस वर्षांतून एकदां तरी सांगण्यांत येतें, कीं हें आपल्या अमक्या पूर्वजाचें. परंतु अलीकडे या आनंदांत विष कालवलें जात आहे, आणि त्याविषयीं स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. जीं शस्त्रें खालीं येतात तीं वर्षानुवर्ष अधिकाधिक चकचकीत होत आहेत, आणि ज्या पूर्वजांचीं म्हणून तीं दाखविलीं जातात ते पूर्वज वर्षानुवर्ष अधिकाधिक थोर होत आहेत. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहींत. दोन्ही मिळून आपल्या हातांत असलेला खरा वारसा पुसून टाकीत आहेत, असें माझें म्हणणें आहे.

एक उदाहरण सांगतों. अलिबागजवळच्या एका गांवीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर आहे. वीस वर्षांपूर्वीं मी तेथें गेलों तेव्हां त्यानें मला एक ठासणीची बंदूक दाखविली होती. नळी काळसर तपकिरी झालेली. दस्ता मनगटापाशीं मोडून तांब्याच्या तारेनें बांधलेला. चापाच्या पट्टीवर मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या सिंहाचा झिजलेला ठसा. दस्त्याच्या लाकडावर दोन-तीन आंकडे कोरलेले. बंदूक मुळांत चकमकीची असावी व मागाहून केपाची करून घेतलेली असावी, असें तिच्या कानाजवळच्या कामावरून दिसत होतें. गेल्या दसऱ्यास पुन्हां जाण्याचा योग आला. नळी घासून तिजवर निकेलचा मुलामा चढविला होता. दस्ता नवा सागवानी, त्यावर रोगण. चापाची पट्टी आरशासारखी. सिंह कोठेंच नाहीं. मात्र दस्त्यावर एक पितळी पत्रा ठोकलेला, आणि त्यावर ही बंदूक सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमारांतील असल्याचें कोरलेलें! घरधनी मोठ्या अभिमानानें माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी काय बोलणार? चहा घेतला आणि परत फिरलों.

आतां विचार करा. कान्होजी आंग्रे वारले ते १७२९ सालीं. उभ्या सिंहाचा ठसा हा ईस्ट इंडिया कंपनीचा, आणि तोहि १८०८ च्या सुमारापासूनचा. त्यापूर्वीं कंपनीच्या बंदुकांवर चार भाग पाडलेल्या हृदयाच्या आकृतीचा ठसा असे. केपाची युक्ति तर लष्करांत रूढ झाली ती १८४० च्या आसपास. म्हणजे पुसून टाकलेला तो सिंह एकटाच उभा राहून पितळी पत्र्याचा सगळा दावा खोटा पाडण्यास समर्थ होता. म्हणूनच कीं काय, तो गेला! घरधन्यानें हें जाणूनबुजून केलें असें मी म्हणत नाहीं. घासणाऱ्या कारागिरास सिंह म्हणजे गंज वाटला असेल. परंतु परिणाम तोच. जी वस्तु कंपनीच्या अमदानींतील एका खऱ्या माणसाची होती, ती आज कोणाचीच राहिलेली नाहीं. तो पूर्वज कंपनीच्या पलटणींत शिपाई होता, कीं जकातीच्या नाक्यावर होता, कीं पुढें मोडींत निघालेली बंदूक त्यानें रानडुकरांपासून शेत राखण्यासाठीं विकत घेतली होती, हें शोधण्याचा एकच धागा त्या लोखंडावर होता. तो आपण आपल्या हातानें तोडला.

याच्या मुळाशीं असलेली गोष्ट बोलून दाखविणें कटु आहे, पण बोललें पाहिजे. आपल्याला आपल्या खऱ्या पूर्वजांची लाज वाटते. आंग्र्यांचें संस्थान १८४० च्या सुमारास खालसा झालें. त्यानंतर या किनाऱ्यावरील शस्त्रधारी माणसांनीं पोट कशावर भरावें? कोणी पलटणींत गेले, कोणी पोलिसांत, कोणी मिठागरांवर पहारेकरी झाले. यांत लाजण्यासारखें काय आहे? पण आम्हांस शिपायाचा नातू होण्यापेक्षां सरखेलाच्या सरदाराचा वंशज होणें अधिक आवडतें, आणि वंशावळ बदलतां येत नाहीं म्हणून आम्ही बंदूक बदलतों. कान्होजीचा यानें गौरव होत नाहीं. त्यास आमच्या भिंतीवरील खोट्या साक्षीची गरज नाहीं. अवमान मात्र होतो, आणि तो ज्यानें ती बंदूक खरोखर खांद्यावर वाहिली, मोडली तेव्हां तारेनें बांधली, आणि मुलाच्या हवालीं केली, त्या निनांवी माणसाचा.

कागदपत्रांच्या बाबतींत महाराष्ट्र हा धडा शंभर वर्षांपूर्वीं शिकला. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून, आणि १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तेव्हांपासून, अस्सल कोणतें, नक्कल कोणती, मागाहून घुसडलेला मजकूर कोणता, ही भाषा आपल्या सुशिक्षितांच्या अंगवळणीं पडली. कागद, शाई, वळण, शिक्का, मायना आणि कालोल्लेख हीं सर्व तपासल्यावांचून कोणी पत्रावर विश्वास ठेवीत नाहीं. फिकट झालेली मोडी अक्षरें काळ्या शाईनें पुन्हां गिरवून पत्र सुशोभित करणाऱ्यास आपण वेड्यांत काढूं. मग हाच मनुष्य शंभर-दीडशें वर्षांची नळी वाळूच्या कागदानें घासतो तेव्हां त्यास इतिहासप्रेमी कां म्हणावें? लोखंडावरचा ठसा हा शिक्काच आहे, आंकडा हा कालोल्लेख आहे, आणि झीज हें त्या माणसाचें हस्ताक्षर आहे.

ज्यांस वाटतें कीं लोखंड कांहीं बोलत नाहीं, त्यांनीं आहोटीच्या वेळीं चालत कुलाबा किल्ल्यांत जावें. उत्तरेकडील तटाजवळ गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आहेत. कित्येक प्रवासी त्यांस आंग्र्यांच्या तोफा समजून त्यांच्याजवळ छायाचित्रें काढतात. त्यांवरील इंग्रजी अक्षरें वाचण्याची तसदी घेतली तर यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचें नांव सांपडतें. तो कारखाना १७९१ च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे कान्होजीच्या मृत्यूनंतर साठांहून अधिक वर्षांनीं. मग या तोफा कमी मोलाच्या ठरतात काय? मुळींच नाहीं. ज्या किल्ल्यापुढें १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांच्या संयुक्त सैन्यास माघार घ्यावी लागली, त्याच किल्ल्यांत पुढें इंग्रजी लोखंड कसें येऊन बसलें, ही कथा त्या अक्षरांत आहे. आणि ती कोणत्याहि दंतकथेहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. आज किल्ल्याकिल्ल्यांवर तरुण मंडळी मातींत पडलेल्या तोफा उचलून नव्या गाड्यांवर बसवितात. त्यांच्या श्रमांस मी मनःपूर्वक वंदन करतों. मातींत कुजण्यापेक्षां गाड्यावर असणें शतपट बरें. माझी विनंति इतकीच, कीं गाडा नवा आहे हें त्या गाड्यावर वर्षासह लिहावें, आणि तोफेवर तेलरंगाचा जाड थर देण्यापूर्वीं तिजवरील प्रत्येक अक्षर टिपून घ्यावें.

शस्त्राची साक्ष किती सूक्ष्म असते याचें एक उदाहरण मला फार महत्त्वाचें वाटतें. १८५७ पूर्वीं एन्फील्डची आटे पाडलेली रायफल हिंदी शिपायांच्या हातीं येऊं लागली होती. उठावानंतर राज्यकर्त्यांचा विश्वास उडाला. हिंदी पलटणींसाठीं त्याच घडणीची, परंतु आंतून गुळगुळीत, रुंद नळीची बंदूक मुद्दाम करविण्यांत आली, आणि तिजवर लांबचा नेम साधण्याचें उघडमीट करतें माप न ठेवतां साधी ठोकळ्याची माशी बसविली. हेतु हा, कीं शिपायाचा बार गोऱ्या सोजिरापेक्षां जवळच पडावा व कमी अचूक पडावा. आतां अशी बंदूक कोणा घरीं निघाली आणि अर्धवट जाणकारानें नळींत पाहिलें, तर तो म्हणेल, हिचे आटे झिजून गेले, माप हरवलें, वस्तु अस्सल नाहीं. नवें माप बसवून घ्या! वस्तुतः आट्यांचा अभाव हेंच तिचें अस्सलपण. एका साम्राज्याची भीति त्या गुळगुळीत नळींत कोरलेली आहे. ती दुरुस्त करणें म्हणजे राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा पुरावा त्यांच्याच वतीनें नष्ट करणें होय.

उलट बाजूहि पाहावी. पेशावरहून कोहाटच्या वाटेवरील दर्रा आदमखेल या गांवीं पिढ्यान्‌पिढ्या कारागीर इंग्रजी लष्करी रायफलींच्या हुबेहूब नकला हातानें घडवीत आले आहेत. त्यांच्या कामावर मुकुट असतो, राणी व्हिक्टोरियाचीं आद्याक्षरें असतात. पण अक्षर न येणाऱ्या हातानें कोरल्यामुळें एखादें इंग्रजी अक्षर उलटें पडतें, आणि कधीं कधीं राणीच्या नांवाखालीं असें वर्ष असतें कीं जें १९०१ मध्यें ती वारल्यानंतर उगवलें. म्हणजे ठसा दिसला कीं अस्सल, असेंहि नाहीं. ठसा, घडण, काळ आणि झीज या चौघांची साक्ष एकमेकींस जुळली पाहिजे. हा विवेक कोणा परक्या तज्ज्ञाची मिरासदारी नाहीं. ज्यास दस्तऐवज तपासतां येतो त्यास तो साध्य आहे.

येथें दोन बाजूंनीं आक्षेप येतील, आणि दोहोंनाहि उत्तर देणें मला भाग आहे.

पहिला आक्षेप विलायती संग्राहकांच्या पद्धतीनें विचार करणाऱ्यांचा. ते म्हणतात, लष्करी रायफल अस्सल केव्हां? तिच्या बोल्टवरचा, नळीवरचा, तोंडाच्या टोपणावरचा आणि लाकडावरचा नंबर एकच असेल तेव्हां. एकहि भाग बदललेला असेल तर वस्तु भ्रष्ट झाली, मोल निम्मे झालें. हा सोवळेपणा मला मान्य नाहीं. कारखान्यांतून निघतांना जसें होतें तसेंच राहिलेलें शस्त्र हें बहुधा कोणीच न वापरलेलें शस्त्र असतें! गांवच्या सुतारानें बसविलेला जांभ्या रंगाचा दस्ता, लोहारानें करून दिलेला नवा घोडा, तुटल्या जागीं बांधलेली तार, हें सर्व त्या शस्त्राच्या आयुष्यांतच घडलें आहे. म्हणून तें अस्सल आहे. २०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें लंडनच्या लिलांवांतील रघूजी भोसले यांची तरवार ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली. तिचें पातें युरोपांत घडलेलें. अशा पात्यांस आपले लोक फिरंगच म्हणत, आणि पोर्तुगिजांच्या ताब्यांतील बंदरांतून तीं या देशांत उतरत. पातें परदेशी म्हणून ती तरवार मराठी नाहीं असें कोण म्हणेल? वापरासाठीं झालेला बदल हा इतिहास होय. दिखाव्यासाठीं केलेला बदल हा इतिहासाचा लोप होय. तारेनें बांधलेला दस्ता आणि पितळी पत्रा यांत फरक हा आहे, कीं तार सत्य सांगते, पत्रा सत्य झांकतो.

दुसरा आक्षेप भाविकांचा. ते म्हणतात, शस्त्र ही आमची देवता आहे. पुराणवस्तु-संग्रहाचे हे नियम तिला कशाला? देवता लखलखीत नको काय? आमचे वाडवडील शिकलगाराकडून पात्यांस शिकल करून घेतच ना? होय, घेत, कारण त्यांस तीं पातीं चालवावयाचीं होतीं. आपणांस चालवावयाचीं नाहींत. आणि श्रद्धेचें म्हणाल, तर श्रद्धा आणि प्रामाणिक नोंद यांत वैर नाहीं. २०२४ च्या जुलैंत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्यास आलीं, आणि सहस्रावधि लोकांनीं भक्तिभावानें तीं पाहिलीं. तीं ग्रँट डफकडून आलेलीं. पण अफझलखानाच्या प्रसंगींचीं तीं हींच, हें पडताळणें शक्य झालेलें नाहीं, असें त्या संग्रहालयाची स्वतःचीच नोंद सांगते. या नोंदीवर आपल्याकडे संतापलेले पुष्कळ. मला मात्र वाटतें, कीं ज्यास जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणून लिहिण्याचें धैर्य आपल्या प्रत्येक घरांत आलें तर महाराष्ट्राचा इतिहास दुप्पट होईल. ‘आमच्या आजोबांच्या आजोबांची असें सांगतात’ हें वाक्य सुंदर आहे. त्यापुढें सरखेल वा छत्रपति जोडण्याची आवश्यकता नाहीं. शेंदूर फांसल्यानें दगडाचा देव होतो हें मान्य. पण शेंदूर फांसल्यानें एका घराण्याचें दुसरें घराणें होत नाहीं.

आतां कायद्याविषयीं. १८७८ च्या कायद्यानें परक्या सरकारनें हिंदी लोकांस निःशस्त्र केलें, आणि तेव्हांपासून जुनी बंदूक म्हणजे भीति, हें समीकरण आमच्या घरांत बसलें. स्वराज्यांतील १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घडणीच्या वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या हत्यारास मोकळीक आहे खरी. परंतु तें दुरुस्त करूनहि वा न करतांहि बंदूक म्हणून चालूं शकत नसेल तरच. परिणाम असा, कीं शस्त्र जितकें शाबूत तितकी धास्ती अधिक. मग कोणी नळींत भोंक पाडतो, कोणी ती करवतीनें कापतो, कोणी रात्रीं विहिरींत सोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवतां येतात, आणि वारशानें आलेलीहि त्यांतच मोजली जाते. सार्वजनिक सुरक्षितता सर्वांत श्रेष्ठ, याविषयीं दुमत नाहीं. कोणी कायदा चुकवून बंदूक लपवावी असें मी स्वप्नांतहि सांगणार नाहीं. परवाना वारसाच्या नांवें करून घ्यावा, तें न जमल्यास ती संग्रहालयास द्यावी. माझी मागणी एवढीच, कीं जमा झालेली कोणतीहि जुनी बंदूक मोडींत जाण्यापूर्वीं तिचें छायाचित्र, तिजवरील ठसे आणि ती देणाऱ्यानें सांगितलेली हकीकत एका वहींत उतरली पाहिजे. याला फार पैसा लागत नाहीं. लागते ती थोडी आस्था.

आणि शेवटीं ज्यांच्या घरीं शस्त्रच नाहीं त्यांच्याविषयीं. खंडेनवमीच्या या सर्व गडबडींत एक गोष्ट आपण विसरतों. ज्यांनीं गेल्या दोन शतकांत या जिल्ह्यांतून सर्वांत अधिक शिपाईगिरी केली त्यांच्या घरीं बंदूक नाहीं. कारण शिपायाची बंदूक सरकारची असते, पेन्शनीवर येतांना ती परत करावी लागते. महाडच्या आसमंतांतील मराठा आणि महार घरांतून किती माणसें मुंबईच्या फौजेंत गेलीं! मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या, आणि त्यांतील तीन १९१६ च्या एप्रिलांत कूट येथें उपासमारीनें शरण जाईपर्यंत टिकून राहिल्या. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करून पुन्हां १९१७ मध्यें गरजेपोटीं पलटण उभारली, आणि थोड्याच वर्षांत ती मोडली. या माणसांनीं घरीं आणलें तें एक पदक. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव आणि पलटण कोरलेली असते. बंदुकीवर नांव नसतें म्हणून आपण तिला हवें तें नांव देतों. आणि ज्यावर खरें नांव आहे तें चांदीचें पदक अडचणीच्या वेळीं सोनाराच्या मुशींत जातें! या किनाऱ्यावर व त्याच्या मागच्या डोंगरांत सर्वांत अस्सल असा लष्करी वारसा कोणता असेल तर तो हा, आणि त्याला पितळी पत्रा ठोकण्याचें कोणाच्याहि मनांत येत नाहीं.

मग करावें काय? करण्यापेक्षां न करण्यासारखें अधिक आहे. आधीं ठासणीच्या बंदुकींत जुना बार भरलेला नाहीं ना, तें पाहावें: गज आंत जेथवर जातो तें अंतर नळीच्या बाहेरच्या लांबीशीं ताडून पाहिलें कीं कळतें. भरलेली असेल तर जाणकारावांचून हात लावूं नये, कारण दारू कोरडी राहिली असेल तर ती म्हातारी होत नाहीं. वाळूचा कागद, चिंच, लिंबू, आम्लें, रोगण, मुलामा यांस घरांत थारा देऊं नये. खारी हवा आणि हाताचा घाम हे लोखंडाचे खरे शत्रु. म्हणून कोरड्या मऊ फडक्यानें पुसून खनिज तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. खोबरेल नको, तें खंवट होऊन चिकटतें. पातें चामड्याच्या म्यानांत कोंडून ठेवूं नये. फुलें वाहावीं, पण कुंकू व पाणी लोखंडावर राहूं देऊं नये. आणि मुख्य म्हणजे एक कोरी वही घ्यावी. तींत ठसे काढावे, आंकडे लिहावे, घरांतील वृद्धांनीं सांगितलें तें त्यांच्याच शब्दांत लिहावें, आणि कोणी सांगितलें तें लिहावें. दुरुस्ती करावीच लागली तर जुना भाग फेंकून न देतां जवळ बांधून ठेवावा.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या माळ्यावर मोडका दस्ता अजून असेल, अशी मला आशा आहे. त्यावरील दोन-तीन आंकडे आणि ती तांब्याची तार, एवढें सांपडलें तरी पुष्कळ झालें. तो पितळी पत्रा उतरवून तेथें तें लाकूड पुजण्याचें धाडस त्यानें येत्या खंडेनवमीस केलें, तर मी आपण होऊन त्याच्या घरीं जाईन आणि त्या दस्त्यास हार घालीन.